माझ्या पहिल्या वृत्तसंपादकांस जाहीर आभार पत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

वृत्तनिवेदिका म्हणून लोकांनी मला ओळखले, रस्त्यात थांबवून विचारपूस केली, सत्कारही केले; मात्र ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले, ते आपण कधीच पडद्यावर दिसला नाहीत. आपले नाव छापून आलेले आपल्याला रुचत नाही, म्हणून ते लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत.

वरळीच्या दूरदर्शन केंद्रात आवाज चाचणी उत्तीर्ण होऊन मी आले, तेव्हा 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालेल्या त्या केंद्राच्या मराठी बातम्यांना मोठी परंपरा लाभलेली होती. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांनी तिथे बातम्या वाचल्या होत्या आणि प्रदीप भिडे यांचा आवाज तर घराघरांत ओळखीचा होता. या मंडळींनंतर आपला निभाव कसा लागणार, या धास्तीत मी असताना आपण माझ्या आवाजाविषयी काहीच न बोलता एक जाड वही हाती दिलीत. तिच्यात जिल्हावार गावांची आणि आडनावांची यादी होती. चोपड्यातला ‘च’ चंद्रपूरच्या ‘च’सारखा नाही, जळगावातला ‘ज’ जेजुरीच्या ‘ज’हून वेगळा, हे कळावे म्हणून आपण त्या अक्षरांखाली पेन्सिलीने टिंबे दिली होती, आणि शंका असेल तिथे थेट त्या तालुक्यातल्या माणसाला फोन करून खात्री केली होती. एखाद्याच्या गावाचे नाव चुकीचे उच्चारणे हा त्या माणसाचा अवमान आहे, असे आपण मानत होता आणि मीही तसेच मानत आले.

या वहीचे मोल 30 सप्टेंबर 1993 रोजी कळले. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त केली. संध्याकाळच्या बातमीपत्राची पाने शेवटच्या क्षणापर्यंत बदलत होती, मृतांचा आकडा वाढत होता, आणि आपण शेजारी उभे राहून ‘भीषण’, ‘हृदयद्रावक’ अशी विशेषणे एकेक करून खोडत होता. गावांची नावे मात्र आपण एकही गाळू दिली नाहीत. तिकडची कितीतरी माणसे पोटापाण्यासाठी मुंबईत आहेत, त्यांचा जीव टांगणीला लागला आहे, त्यांना आपले गाव नीट ऐकू आले पाहिजे, एवढेच आपण म्हणालात. किल्लारी, सास्तूर ही नावे त्या दिवशी मी सावकाश आणि स्पष्ट वाचली. निवेदिकेने स्वतःचा गहिवर आवरून ऐकणाऱ्याच्या काळजीला जागा द्यायची असते, हे मी तेव्हा शिकले आणि पुढची सगळी वर्षे त्याच्याच आधारावर काढली.

आम्हा नैमित्तिक निवेदकांना दर बातमीपत्रामागे मानधन मिळे आणि पाळी चुकली की तेही जाई. माझ्या बाळंतपणानंतर आपण मला झेपतील अशा वेळा लावून दिल्यात, त्याविषयी कुणाकडे अवाक्षरही काढले नाहीत. ते उपकार मी विसरलेले नाही.

2007 मध्ये ‘झी 24 तास’ आणि ‘स्टार माझा’ या वाहिन्या आल्या, मराठी बातम्या चोवीस तासांच्या झाल्या, आणि मीही पुढे एका खासगी वाहिनीत गेले. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा समोर लिहिलेले पान नव्हते, कानातल्या यंत्रातून दर मिनिटाला नवी माहिती येत होती आणि तिच्यातली बरीचशी ऐकीव होती. ‘याला अद्याप दुजोरा मिळालेला नाही’ हे वाक्य मी त्या रात्री पुन्हा पुन्हा उच्चारले, आणि जिथे दुजोऱ्याची आशाच नव्हती तिथे गप्प राहिले. पुढे 29 ऑगस्ट 2012 रोजी कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्या थेट प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. ते वाचताना आपली लाल पेन्सिल मला फार प्रकर्षाने आठवली.

सध्या मी नव्या मुलामुलींना वृत्तनिवेदन शिकवते. आपली वही अजून आपल्याकडे असेल, तर तिची प्रत काढून त्यांना देण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. आपण म्हणाल त्या दिवशी मी ती न्यायला येईन, आणि गेल्या काही वर्षांत बदललेली जिल्ह्यांची नावे आपल्यासमोर बसूनच तिच्यात भरीन.

आपली कृतज्ञ,
एक वृत्तनिवेदिका