लेड कोरच्या प्रत्येक रंगाला पाच फूट, हे गणित पुरेसे नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत वॉलआय या उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातील माशाच्या ट्रोलिंगविषयी, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत केल्या जाणाऱ्या मासेमारीविषयी, आलेला लेख मी दोनदा वाचला. मी गेली बरीच वर्षे अमेरिकेत ओहायोच्या उत्तर भागात राहतो आणि दर उन्हाळ्यात ईरी सरोवरात हीच मासेमारी करतो, त्यामुळे या विषयावर मराठीत कुणी इतक्या आस्थेने लिहावे याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र लेड कोर लाइन सोडताना प्रत्येक रंगामागे आमिष पाच फूट खाली जाते आणि तेवढे लक्षात ठेवले की पुरे, अशा अर्थाचे एक विधान लेखात आहे. त्याच समजुतीमुळे माझा पहिला उन्हाळा वाया गेला होता, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेड कोर म्हणजे बारीक शिशाची तार आत आणि तिच्यावर विणलेले नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे आवरण, अशी लाइन, म्हणजे गळाची दोरी. दर १० यार्डांवर, म्हणजे ३० फुटांवर, आवरणाचा रंग बदलतो. १०० यार्डांच्या लाइनीत असे १० रंग येतात, आणि किती लाइन पाण्यात गेली हे मोजणीचे यंत्र नसलेल्या रिळावरसुद्धा डोळ्यांनी कळते. आमिषाजवळ वजन न बांधता लाइनच स्वतःच्या भाराने बुडते, त्यामुळे पाच-सहा फुटांहून फार खाली न जाणारे लहानसे क्रँकबेट, म्हणजे ओढले की पोहत बुडणारे माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिषसुद्धा, २५-३० फुटांवर नेता येते. उन्हाळ्याच्या मध्यावर वॉलआय त्या वर्षी जन्मलेल्या बारक्या माशांवर तुटून पडत असतो, आणि तेव्हा खोल पाण्यात लहान आमिष नेण्याची ही सोय फार मोलाची ठरते.

आता त्या पाच फुटांकडे वळतो. हा आकडा चुकीचा नाही, परंतु तो साधारण ताशी २ मैल वेगाचा आहे. ओढली जाणारी लाइन पाण्यात तिरकी राहते, कारण शिशाचा भार तिला खाली खेचतो आणि पाण्याचा रोध तिला वर उचलून धरतो. वेग वाढला की रोध झपाट्याने वाढतो आणि लाइन आडवी होत जाते. वेग कमी केला की ती खाली लोंबू लागते. म्हणून ताशी अडीच मैलांच्या वेगाने एका रंगाला चार फूटच मिळतात, आणि ताशी सव्वा मैलाच्या संथ गतीने सात-आठ फूटसुद्धा मिळू शकतात. आठ रंग बाहेर असताना हा फरक २५-३० फुटांवर जातो, आणि एवढ्या फरकाने आमिष माशांच्या थरातून पूर्णपणे बाहेर पडते.

माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. ऑगस्टचे दिवस होते. सरोवराच्या मधल्या भागात सुमारे ६५ फूट पाण्यावर आम्ही होतो आणि ध्वनिलहरींनी मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर ४० फुटांच्या आसपास माशांच्या कमानी स्पष्ट दिसत होत्या. धक्क्यावरच्या एका जाणत्या माणसाने दिलेला पाच फुटांचा हिशोब धरून मी आठ रंग सोडले, आणि गांडुळाचे आमिष असल्याने बोट अगदी संथ ठेवली. तीन तास एकही मासा लागला नाही. शेवटी लाइन गुंडाळली तेव्हा गळाच्या वाकात काळपट चिखल अडकलेला होता, आणि तो बोटाने पुसताना त्याला कुजट वास येत होता. ज्या आमिषाला मी ४० फुटांवर समजत होतो ते तळ घासत चालले होते. उन्हाळ्याच्या अखेरीस ईरीच्या या भागात वरचे उबदार पाणी आणि खालचे थंड पाणी यांचे थर वेगळे पडतात आणि तळाच्या पाण्यातला प्राणवायू घटत जातो. मासे त्या थराच्या वर अधांतरी राहतात. त्यांच्या खाली सुमारे २५ फुटांवरून मी आमिष फिरवत होतो, जिथे ते खायला कुणीच नव्हते.

वॉलआयचे डोळे डोक्याच्या वरच्या भागात असतात आणि त्यांच्या आतल्या परावर्तक पडद्यामुळे अंधूक प्रकाशातही त्याला वरची हालचाल चांगली टिपता येते. डोक्यावरून गेलेल्या आमिषासाठी तो चार-पाच फूट सहज वर येतो, पण पोटाखालून गेलेल्या आमिषाकडे सहसा फिरकत नाही. त्यामुळे खोलीबद्दल शंका असेल तेव्हा चूक वरच्या बाजूला झालेली बरी.

खात्रीचा उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे. जिथे तळ सपाट आहे आणि खोली ठाऊक आहे अशा जागी, समजा २५ फुटांवर, ज्या वेगाने मासेमारी करायची त्याच वेगाने बोट चालवावी आणि लाइन अर्धा-अर्धा रंग सोडत जावे. आमिष तळाला टेकू लागले की काठीचे टोक ठोके देते. तो रंग आणि तो वेग वहीत लिहून ठेवावा. मग वेग बदलून पुन्हा हेच करावे, आणि आमिष बदलले तर त्याचेही करावे, कारण खोल बुडणारे क्रँकबेट आपल्या परीने भर घालते आणि पातळ पत्र्याचे चमच्यासारखे आमिष घालत नाही. एका सकाळीत तयार होणारा हा तक्ता कोणत्याही छापील कोष्टकापेक्षा उपयोगी पडतो, कारण तो तुमच्याच लाइनीचा आणि तुमच्याच बोटीचा असतो. वेग मात्र बोटीचा नव्हे, पाण्यातल्या आमिषाचा महत्त्वाचा, हे विसरू नये. ईरीसारख्या उथळ सरोवरात जोरदार वाऱ्यानंतर खालचे पाणी उलट दिशेने वाहत असते, आणि उपग्रहावरून वेग मोजणाऱ्या यंत्राला ते दिसत नाही.

लाइन निवडताना नवखा माणूस जाड लाइन घेतो, कारण ती मजबूत वाटते. लेड कोर १२, १५, १८, २७, ३६, ४५ अशा पौंडांचा ताण सोसणाऱ्या प्रकारांत मिळते. वॉलआयसाठी माझे स्पष्ट मत १८ पौंडांच्या बाजूने आहे. आवरण जितके पातळ तितका पाण्याचा रोध कमी आणि लाइन तितकी खोल, शिवाय रिळावर जागाही कमी लागते. खडकाळ तळाशी खेटून ट्रोलिंग करणाऱ्यांनी २७ पौंडांची घेतली तर मी त्यांना दोष देणार नाही, पण त्याहून जाड लाइनची या माशाला गरज नाही. रिळावर लेड कोरच्या मागे बॅकिंग, म्हणजे जोड-दोरी, म्हणून विणलेली बारीक लाइन भरावी. ती रिळाच्या गुळगुळीत पिंपावर घसरते, म्हणून आधी काही वेढे साध्या मोनोफिलामेंटचे, म्हणजे एकपदरी नायलॉन दोरीचे, द्यावेत.

लीडरबाबत, म्हणजे लेड कोर आणि आमिष यांच्यामधल्या दोरीच्या तुकड्याबाबत, लेखात एकच ओळ आहे, ती मला अपुरी वाटली. १९८८ मध्ये झेब्रा शिंपले ईरी आणि त्याच्या शेजारच्या सरोवरांच्या पट्ट्यात आढळले आणि त्यानंतर त्यांनी पाणी गाळून पुष्कळ स्वच्छ केले. अशा पाण्यात आमिषापुढे रंगीबेरंगी जाड लाइन ठेवणे बरे नव्हे. १२ ते २० पौंडांचा फ्लोरोकार्बनचा, म्हणजे पाण्यात सहज न दिसणाऱ्या दोरीचा, लीडर घ्यावा. गढूळ पाण्यात १५ फूट पुरतो, नितळ पाण्यात मी ३० फुटांखाली जात नाही. तो जोडताना लेड कोरचे आवरण टोकापासून मागे सरकवावे, म्हणजे आतली करडी तार उघडी पडते. ती नखाने दोनदा वाकवली की तुटते. सहा-सात इंच तार काढून टाकली की मागे मऊ, पोकळ नळी उरते. तिच्यात लीडरचे टोक तार संपते तिथपर्यंत सरकवावे, नळी आणि लीडर एकत्र धरून तीन साध्या गाठी माराव्यात आणि आवळण्यापूर्वी त्या ओल्या कराव्यात. ही गाठ काठीच्या कड्यांतून न अडकता जाते. तार दातांनी मात्र कधीही तोडू नये, कारण ती शिशाची आहे, आणि काम झाल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

लाइन सोडतानाची घाई हे दुसरे दुखणे. रीळ मोकळे करून लाइन सुसाट सोडली तर वेढे ढिले पडतात, शिसे मुरगळते आणि आतल्या आत तुटते. आवरण शाबूत दिसते, पण बोटांमधून ओढून पाहिले तर मध्येच एक पोकळ, लिबलिबीत जागा लागते, किंवा तुटलेल्या तारेचे टोक विणीतून टोचते. अंगठा रिळावर ठेवून सावकाश सोडलेली लाइन कित्येक हंगाम टिकते.

वळण घेताना आतल्या बाजूची लाइन मंदावून खाली जाते आणि बाहेरची वेग घेऊन वर येते. कोणत्या बाजूला मासा लागला ते पाहिले तर त्या दिवशी त्याला कमी वेग हवा की जास्त, हे सरोवरच सांगते. मी मुद्दाम नागमोडी जातो ते याचसाठी. मोठा मासा लागला तरी बोट थांबवू नये, नाहीतर बाकीच्या सगळ्या लाइनी तळाला जाऊन अडकतात. आणि काठीच्या टोकाची बारीक थरथर हा क्रँकबेट नीट पोहत असल्याचा पुरावा आहे. ती थांबली तर पाणवनस्पती अडकली असे समजून लगेच लाइन गुंडाळावी.

लेखात दोन्ही बाजूंना प्लेनर बोर्ड, म्हणजे लाइन बोटीपासून बाजूला दूर नेणाऱ्या तरंगत्या फळ्या, लावून पूर्ण १० रंगांच्या लाइनी सोडण्याचा सल्ला आहे. तेवढा भार लहान बोर्डाला मागे खेचतो. बोर्डावर तीन किंवा पाच रंगांचे तुकडे, मागे बॅकिंग जोडून, वापरावेत. उथळ लाइनी बाहेर आणि खोल लाइनी बोटीजवळ ठेवल्या की बाहेरचा मासा आतल्या लाइनींच्या वरून सुखरूप आणता येतो. पूर्ण लाइन बोटीच्या थेट मागे सोडावी. मात्र प्रत्येक राज्यात एका माणसाला किती काठ्या वापरता येतात हे वेगवेगळे आहे. मिनेसोटात पाण्यावर बर्फ नसताना बहुतेक ठिकाणी एकच चालते. त्यामुळे परवाना काढतानाच त्या वर्षीची नियमावली वाचावी.

खराब झालेली लाइन पाण्यात किंवा किनाऱ्यावर टाकू नये, एवढी विनंती आपल्या वाचकांपर्यंत पोहोचवावी. शिशाची लहान वजने गिळून लून नावाचे पाणपक्षी मरतात, म्हणून ईशान्येकडील काही राज्यांनी अशा वजनांवर निर्बंध घातले आहेत. माझ्या बोटीत झाकणाचा एक डबा केवळ तुटक्या तारांसाठी ठेवलेला आहे, आणि हंगाम संपला की तो घातक कचऱ्याच्या संकलन केंद्रावर देऊन येतो.

कळावे.
आपला नम्र,
ओहायो, अमेरिका येथील एक वाचक