कोरसमधील मुलांची भूमिका दुय्यम नाही

महोदय,

इंग्लंडमध्ये ७ ते ११ वर्षांच्या मुलांच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात प्राचीन ग्रीसचा समावेश आहे आणि त्यानिमित्ताने अनेक शाळांतून ग्रीक पुराणकथांवरील नाटुकली बसवली जातात. येथील प्राथमिक शाळेत शिकवताना माझा अनुभव असा, की भूमिका वाटल्या की कोणी ना कोणी पालक, त्यांत आपले मराठी पालकही आले, काळजीने विचारतात, ‘आमच्या मुलाला नुसते कोरसमध्येच का घेतले?’ आपले दैनिक येथेही वाचले जाते, म्हणून हे पत्र.

ग्रीक नाटकातील कोरस म्हणजे प्रमुख भूमिका वाटून उरलेल्यांचा घोळका नव्हे. नाटककार सोफोक्लीझच्या काळी अथेन्सच्या शोकांतिकेत बोलणारे नट तीनच असत. गाणारा, नाचणारा आणि राजालाही प्रश्न विचारणारा कोरस मात्र पंधरा जणांचा असे. डायोनिसस या देवाच्या उत्सवात तर नागरिकांच्या १० गटांपैकी प्रत्येकातून ५० मुलग्यांचा वृंद गायनस्पर्धेत उतरे. पोवाड्यातून झीलकरी वगळले तर काय उरेल, हे मराठी वाचकांना सांगायला नको.

अथेन्सचा राजपुत्र थीसियस याची गोष्ट मी पुस्तक न उघडता सांगते. अथेन्सला ७ मुलगे आणि ७ मुली क्रीट बेटावरच्या मिनोटॉर या बैलमुखी राक्षसाचे भक्ष्य म्हणून धाडायच्या आहेत, इथवर आले की वर्गात चिठ्ठ्या काढते. ३० पैकी १४ मुले उठून गलबतात बसतात आणि उरलेली किनाऱ्यावरचे आईबाप होतात. मिनोटॉरशी झुंज लवकर आटोपते. खरा वेळ लागतो तो परतीला, कारण विजयी थीसियस काळे शीड उतरवून, जिवंत परतल्याची ठरलेली खूण म्हणून पांढरे चढवायला विसरलेला असतो. त्याचा पिता राजा एजियस विचारतो, ‘शीड कोणत्या रंगाचे?’, आणि उत्तर किनाऱ्यावरच्यांना द्यावे लागते. एका वर्षी, एरवी वर्गात तोंडही न उघडणाऱ्या एका मुलीने हळूच ‘काळे’ एवढेच म्हटले आणि सारा वर्ग स्तब्ध झाला. राजाने उडी घेतली त्या समुद्राला एजियन का म्हणतात, हे त्या मुलांकडून पाठ करून घ्यावे लागले नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती, की देवांचे सोनेरी मुकुट कापण्याआधी कोरसच्या ओळी मुलांबरोबर बसून लिहाव्यात. आणि पालकांनी घरी आलेल्या मुलाला, किनाऱ्यावर उभे असताना तुला काय दिसले, हे जरूर विचारावे.

– एक प्राथमिक शिक्षिका, लेस्टर (इंग्लंड)