एक्मो शोधण्याआधी पालथे झोपवा

महोदय,

न्यूमोनियाचा रुग्ण व्हेंटिलेटरवरही ऑक्सिजन धरेना, की एक्मो (रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळणारे यंत्र) कुठे मिळेल याची धावाधाव सुरू होते. त्या गडबडीत बिनयंत्राचा उपाय अर्धवट राहतो: रुग्णाला वेळेत आणि पुरेसे तास पालथे झोपवणे.

हिशेब सोपा आहे. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब ७२ आणि व्हेंटिलेटरवर ऑक्सिजन ६० टक्के, तर ७२ भागिले ०.६ म्हणजे १२०. हा आकडा व्हेंटिलेटर नीट लावूनही दीडशेच्या खाली राहिला, तर पालथे घालायला थांबू नये. फ्रान्समधल्या अतिदक्षता विभागांत मुख्यतः झालेल्या ४६६ रुग्णांच्या अभ्यासात (२०१३) २८ दिवसांत उताण्या गटातले ३२.८ टक्के दगावले, पालथ्या गटातले १६ टक्के. मात्र तिथे एका वेळी सलग १६ तास तरी पालथे ठेवले होते. तीन-चार तासांत ऑक्सिजन वाढला नाही म्हणून उताणे करणे चूक आहे. खरा फायदा फुप्फुसावरचा ताण सगळीकडे सारखा वाटला जाण्यात आहे, आणि तो मॉनिटरवर दिसत नाही.

पालथे घालायला पाच जण लागतात. डोक्याशी अनुभवी माणूस, त्याचे हात फक्त घशातल्या नळीवर आणि हुकूमही त्याचाच. आधी नाकातल्या नळीचे अन्न थांबवून पोट रिकामे करावे, घशातल्या नळीचा ओठांजवळचा आकडा लिहून ठेवावा, डोळ्यांत मलम घालून पापण्या चिकटवाव्यात. छाती आणि कमरेखाली उशा, पोट मोकळे. दर दोन तासांनी मान आणि हात बदलले नाहीत, तर गालाला, हनुवटीला जखमा होतात, खांद्याची नस ताणली जाते.

दुसरी चूक व्हेंटिलेटर देतो त्या श्वासाच्या मापाची. ते वजनकाट्यावरून नव्हे, उंचीवरून काढतात. १५२ सेंटीमीटर उंचीच्या, ८० किलोच्या बाईंचे हिशेबाचे वजन ४५ किलो. किलोमागे ६ मिलिलिटर धरून श्वास २७० मिलिलिटरचा. ८० किलो धरले तर ४८०, म्हणजे आजारी फुप्फुसाला रोज नवी इजा. नायट्रिक ऑक्साइडच्या वायूने आकडे काही काळ सुधारतात, जीव वाचण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही.

एक्मो निरुपयोगी नाही. पालथे घालूनही ऑक्सिजनच्या भागाकाराचा तो आकडा सहा तासांहून जास्त ८०च्या खाली राहिला, तर एक्मो केंद्राला त्याच दिवशी फोन करावा, आणि उत्तर येईपर्यंत रुग्णाला पालथेच ठेवावे.

— अतिदक्षता विभागातील एक डॉक्टर