पिशवी रिकामी आणा

जोरहाट, आसाम,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तिकडे पोळी मिळते का गं?" मी "मिळते" म्हटलं आणि विषय बदलला. पोळी मिळते हे खरं, पण बदली होऊन आल्यापासून दीड महिन्यात मी ती फार तर चारदा खाल्ली असेल. फोनवर हे सांगितलं असतं तर आई लगेच कुरिअरचा डबा भरायला बसली असती. म्हणून हे पत्र.

पहिला आठवडा मी आईच्या पिशवीवरच काढला. मेतकूट, भडंग, डिंकाचे लाडू, नारळाच्या वड्या. सकाळी भडंग, रात्री मेतकूट-भात, आणि शेजारच्या घरातून फोडणीचा वास आला की खिडकी बंद. मोहरीच्या तेलाचा तो वास नाकात शिरला की डोकं उठायचं. आठव्या दिवशी वड्यांना जरा खवट वास येऊ लागला. पण आईच्या हातच्या, टाकवेनात. दोन खाल्ल्या आणि रात्रभर हाल झाले. आई, रागावू नकोस. जन्मभर परक्या गावच्या अन्नाला भ्यालो, आणि पोट बिघडलं ते आपल्याच वडीने.

सकाळी घरमालकीणबाई, ज्यांना मी आता बाइदेउ म्हणते (म्हणजे ताई), मऊ भात आणि कच्च्या केळ्याचा पातळ रस्सा घेऊन आल्या. वर मिरपूड. इथे पोट बिघडलं की हेच देतात. मी खिडकी बंद करायचे ते आठवलं आणि लाज वाटली.

तुम्हाला रामेश्वरची सहल आठवते? मी दहा-अकरा वर्षांची असेन. मदुराईच्या फलाटावर गरम इडल्यांची टोपली समोरून गेली आणि आपण दशम्या आणि लसणाची चटणी उघडून बसलो. मी हट्ट केला तेव्हा बाबा म्हणाले, "पोट बिघडलं तर परक्या मुलखात कोण बघणार?" तेव्हा मला तो कंजूषपणा वाटला होता. तरुणपणी खाणावळीच्या पाण्याने झालेली कावीळ आणि महिनाभराचं अंथरूण, हे बाबांनी मला फार पुढे सांगितलं. त्यांची भीती काही उगाच नव्हती. पण नंतर तुम्ही टूरबरोबर काश्मीर, केरळ, राजस्थान केलंत, आणि परत येऊन कौतुक सांगितलं ते श्रीनगरला मिळालेल्या पुरणपोळीचं! ते मात्र मला अजून पटत नाही.

असो. दुसऱ्या आठवड्यात बाइदेउंनी जेवायला बोलावलं. ताट काशाचं. आजी तळपाय घासायची ना, त्या वाटीची आठवण आली. इथे सार्थेबारी नावाचं गाव काशाच्या भांड्यांसाठीच प्रसिद्ध आहे, आणि पाहुण्याला काशात वाढणं हा मान. पहिला घास खाराचा. जेवणाची सुरुवातच त्याने करायची. भीमकल नावाच्या केळ्याच्या साली वाळवून जाळतात, त्या राखेतून पाणी गाळून घेतात, आणि त्या पाण्यात कच्ची पपई शिजवतात. वर कच्चं मोहरीचं तेल. पहिला घास सरळ साबणासारखा लागला. मी पाणी प्यायले. दुसरा घास भीडेखातर घेतला. तिसऱ्याला जिभेला काहीतरी ओळखीचं लागलं आणि एकदम कळलं: पापडाच्या लाट्या! आई, वैशाखात तू माडीवर पापड लाटायला बसायचीस आणि मी तुझ्या पाठीमागून तेल लावलेल्या लाट्या पळवायचे, त्यातला पापडखार. तीच ती चव, फक्त उडदाऐवजी पपईत. नावही तेच, खार. इथले लोक स्वतःला हसत हसत 'खारखोवा' म्हणवतात, खार खाणारे. आपल्याकडे खार खाणं म्हणजे डूख धरणं, हे मी बाइदेउंना सांगितलं तर त्या हसून हसून लाल झाल्या.

तेव्हापासून पहिल्या घासावर मी निकाल देत नाही.

बाजारात वाळलेल्या काळपट चकत्या दिसल्या. हातात घेऊन हुंगल्या आणि भर बाजारात "आमसुलं!" असं ओरडले. नाव थेकेरा. बाबा, हे आपल्या रातांब्याचं भावंडच, दोन्ही गार्सिनिया गटातली. मसुराच्या डाळीत टाकतात, आणि टेंगा म्हणून माशाचं आंबट कालवण करतात त्यातही. तो टेंगा मी दर रविवारी खाते. मी मासे खाते हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्हाला ते माहीत आहे हे मलाही माहीत आहे, तेव्हा आता पत्रात लिहून टाकलं.

सगळंच खाते असं नाही. एरी रेशमाचे कोष काढल्यावर आतले किडे इथे आवडीने खातात. मला वाढायला आले तेव्हा हात जोडले, आणि कोणी वाईट वाटून घेतलं नाही. भूत जोलोकिया, म्हणजे २००७ मध्ये गिनीज बुकात जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदवलेली मिरची, नखाएवढी चाटली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. आणि पाहुण्याला पुढे करतात ते तामूल, म्हणजे ओली सुपारी, तिने तर मला दरदरून घाम फुटून भिंतीला टेकून बसावं लागलं. बाबा, तुम्ही विडा खाता म्हणून फुशारकीने तोंडात टाकाल, म्हणून आधीच सांगते.

सांगते, कारण तुम्ही जानेवारीत इथे यायचं आहे. आपली संक्रांत असते तेव्हाच इथे माघ बिहू. आदल्या रात्री, तिला उरुका म्हणतात, सगळे मिळून शेतात स्वयंपाक करतात आणि पंगत बसते. पहाटे मेजी पेटवतात, आपल्या होळीसारखी. आणि तीळगूळ! चिकट बोरा तांदळाचं पीठ तव्यावर पातळ पसरायचं, मधे काळे तीळ आणि गूळ घालून सुरळी करायची, हा तीळ पिठा. आईला गुळाच्या पोळीपेक्षा सोपा जाईल, पीठ मळायला नको.

बाबांच्या कवळीची काळजी नको. वांगं भाजून कुस्करतात, त्याला बेंगेना पिटिका म्हणतात. भरीतच ते. तेल कमी घालायला मी सांगेन. सकाळी कोमल चाउल, हा तांदूळ शिजवायचाच नाही, नुसता भिजवून दही-गुळाशी खायचा. पोह्यांना मात्र इथे 'सिरा' म्हणतात, तेव्हा बाबांनी तुपातल्या शिऱ्याची वाट बघत बसू नये. पाणी उकळून गार केलेलंच ठेवीन. कावीळ मी विसरलेले नाही.

मुंबईहून गुवाहाटीपर्यंत विमानाने या, तिथे मी न्यायला येते. औषधं हातातल्या पिशवीत. दुसरी पिशवी रिकामी आणा, जाताना थेकेरा न्यायचा आहे. फक्त बाइदेउंसाठी अर्धा किलो आमसुलं आणि पापडखाराची एक पुडी. त्यांना दोन्ही आपल्या जिन्नसांशेजारी ठेवून ताडून बघायची आहेत.

तुमची,
मनू

ता. क. आई, वड्या तू आणशीलच. पहिल्या चार दिवसांत संपवू.