खिशातली स्ट्रिप

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझी जीन्स धुवायला टाकताना खिशात गोळ्यांची कात्रीने कापलेली स्ट्रिप सापडली. सहा घरं, त्यातली चार रिकामी. कापताना नावाचा पुढचा भाग गेलाय, '...झोलम ०.५' एवढंच उरलंय. मुदतीची तारीखही गेली. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहितेय.

ही गोळी मी ओळखते, अल्प्राझोलम, मन शांत करून झोप आणणारी. तुझी आजी गेली तेव्हा माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. डॉक्टरांनी दोन आठवड्यांपुरती लिहून दिली होती. त्यानंतर मी त्यांच्याकडे फिरकलेच नाही, जुनी चिठ्ठी दाखवून आणत राहिले. सहा महिन्यांत अर्धीची एक झाली, एकीची दीड. मेंदूची स्वतःला शांत करायची एक सोय असते, या गोळ्या तिलाच जोर देतात. रोज बाहेरून जोर मिळाला की ती सोय आळसावते आणि तेवढ्याच झोपेला जास्त गोळी लागते. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. २०२० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या गटातल्या, म्हणजे बेंझोडायझेपिन नावाच्या, सगळ्या औषधांवर सवयीचा ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घेऊनसुद्धा काही दिवसांत, आठवड्यांत शरीराला सवय लागू शकते. मी तर सांगितल्याप्रमाणेही घेत नव्हते.

मग एक दिवस स्वतःचाच राग आला आणि सगळ्या गोळ्या फेकून दिल्या. तिसऱ्या दिवशी पाण्याचा पेला हातात धरवेना. तू सहावीत होतास, 'थंडी वाजतेय' म्हणून तुला फसवलं. फिट आली नाही हे नशीब. रोजची गोळी एकदम तोडल्यावर फिट येऊन माणसं दगावलीही आहेत. शेवटी डॉक्टरांनी थोडी थोडी कमी करत सोडवली. चार महिने लागले.

म्हणून 'आजच्या आज बंद कर' असं मी म्हणणार नाही. किती दिवस घेतोयस आणि रोज किती, एवढं खरं सांग.

मित्राला डॉक्टरांनीच दिलीय, असं म्हणशील. त्याला दिलीय ना! गेल्या महिन्यात तुला खोकला होता. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, अफूच्या गटातलं. तसल्या औषधावर ही गोळी घेतली असतीस तर? दोन्ही श्वास मंदावतात. दारूचंही तेच. झोपलेल्या माणसाला आपला श्वास अडकतोय हे कळतही नाही.

आणि परीक्षेसाठी घेत असशील तर गंमत बघ. याच गटातलं एक औषध ऑपरेशनच्या आधी देतात, त्याचा एक उपयोग म्हणजे पेशंटला नंतर काही आठवत नाही. तू तेच घेऊन पाठांतर करणार!

शनिवारी ये. उरलेल्या दोन गोळ्या कपाटात जपून ठेवल्यात, डॉक्टरांना दाखवायला. तू आत जा, मी बाहेर बसेन. झोप का येत नाही ते मला नाही सांगितलंस तरी चालेल, त्यांना सांग. पण त्याआधी हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, तर शनिवारची वाट बघू नकोस. जवळ असेल त्या दवाखान्यात जा आणि रात्रीचे तीन वाजले असले तरी मला फोन कर.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते तूच सांग.

तुझी,
आई