दोन्ही काटे एकदम हलतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतली कपॅसिटरची (धातूच्या दोन प्लेट्स आणि त्यांच्या मधे इन्सुलेटर, म्हणजे वीज न वाहू देणारा थर, असा सर्किटमधला भाग) माहिती वाचली. ‘कपॅसिटर डीसी करंट अडवतो’ या एका वाक्यात (डीसी म्हणजे बॅटरीसारखा एकाच दिशेने वाहणारा करंट) विषय संपवला आहे आणि सोबतच्या चित्रात इलेक्ट्रॉन एका प्लेटवरून दुसऱ्या प्लेटवर उड्या मारताना दाखवले आहेत. वाक्य अर्धवट आहे, चित्र तर चूकच आहे. एकवीस वर्षे मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांकडून प्रात्यक्षिके करून घेतली. तोंडी परीक्षेत हेच वाक्य घडाघडा म्हणणारी मुले सर्किट जोडायला बसली की अडतात, हे इतक्यांदा पाहिले आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही.

9 व्होल्टची बॅटरी, 10 किलोओहमचा रेझिस्टर, 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि दोन मिलिअँपिअर मीटर: एक कपॅसिटरच्या अलीकडे, एक पलीकडे. मीटर काट्याचेच हवेत. डिजिटल मीटरचे धावते आकडे पाहून हे मनात ठसत नाही. स्विच दाबण्याआधी मी विचारत असे, पलीकडचा काटा हलेल का? बहुतेक जण म्हणत, नाही, मध्ये इन्सुलेटर आहे ना! स्विच दाबला की दोन्ही काटे एकदमच 0.9 मिलिअँपिअरवर जात आणि बरोबरीनेच खाली येऊ लागत. 10 सेकंदांनी 0.33, 20 सेकंदांनी 0.12. मिनिटभरात दोन्ही शून्याला टेकलेले.

इन्सुलेटर ओलांडून एकही इलेक्ट्रॉन गेलेला नसतो. बॅटरीच्या ऋण टोकाकडून इलेक्ट्रॉन एका प्लेटवर येऊन जमतात आणि तेवढेच इलेक्ट्रॉन दुसऱ्या प्लेटवरून निघून बॅटरीच्या धन टोकाकडे जातात. म्हणून दोन्ही तारांत करंट सारखा. शेवटी एका प्लेटवर 9 मिलिकुलंब ऋण चार्ज आणि दुसरीवर तेवढाच धन, बेरीज शून्य. ‘कपॅसिटर चार्ज साठवतो’ असे आपण सर्रास म्हणतो, पण तो चार्ज वेगवेगळा करतो आणि साठवतो ती ऊर्जा.

करंट का उतरतो, हे त्याच आकड्यांतून कळते. सुरुवातीला कपॅसिटर रिकामा, त्यामुळे सगळे 9 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. 10 सेकंदांनी कपॅसिटरवर 5.7 व्होल्ट चढलेले असतात, रेझिस्टरच्या वाट्याला 3.3 उरतात. करंट कमी झाला की चार्ज होण्याचा वेगही मंदावतो, म्हणून आलेख सरळ रेषेत न उतरता वाकत जातो. रेझिस्टरचा रोध (10 किलोओहम) गुणिले कपॅसिटरची धारिता (1000 मायक्रोफॅरड) म्हणजे इथे 10 सेकंद. तेवढ्या दर टप्प्यात करंट आधीच्या 37 टक्क्यांवर येतो. पाच टप्प्यांनंतर एक टक्काही उरत नाही. गणिताने तो पूर्ण शून्य कधीच होत नाही, आणि खऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये बारीकशी गळतीही चालू राहते. त्यावर छापलेल्या आकड्यात 20 टक्क्यांपर्यंत फरक चालतो, तेव्हा 10 ऐवजी 12 सेकंद आले तर मुलांनी वहीतले खरे निरीक्षण खोडू नये. पुस्तकाशी जुळावे म्हणून खोडलेली निरीक्षणे मी फार पाहिली आहेत.

एका विद्यार्थिनीने विचारले होते, मधल्या जागेत काहीच जात नसेल तर सर्किट पूर्ण कसे? तेव्हा मी ‘परिणाम पोचतो’ एवढेच म्हणून पुढे गेले, याची रुखरुख आजही आहे. नीट उत्तर भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1861-62 मध्येच देऊन ठेवले होते. चार्ज वाढतो तसे प्लेट्समधले विद्युतक्षेत्र वाढते, आणि ते बदलणारे क्षेत्र तारेतल्या करंटइतकेच चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. विद्युतचुंबकीय लहरींचा सिद्धांत या कल्पनेवर उभा आहे. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला पुरवणीतले ते एक वाक्य काय देणार?

ऊर्जेचा हिशेबही द्यायला हवा होता. बॅटरी 81 मिलिज्यूल देते, कपॅसिटरमध्ये 40.5 उरतात, बाकीची निम्मी रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. रेझिस्टर 1 किलोओहमचा लावला तर सुरुवातीचा करंट दहापट होतो, सगळे दहापट लवकर आटोपते, पण तोटा निम्माच.

आणि एक काळजीची गोष्ट. बॅटरी काढली तरी चार्ज प्लेट्सवर टिकून राहतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधला कपॅसिटर सुमारे 300 व्होल्टपर्यंत चार्ज होतो. ‘हा तर करंट अडवणारा भाग’ असे समजून मुलाने बंद उपकरण उघडून तिथे बोट लावले तर इजा होईल.

पुढच्या पुरवणीत कृपया ते चित्र बदलावे: प्लेट्सच्या मधे इलेक्ट्रॉन नकोत, दोन्ही तारांवर सारख्याच लांबीचे बाण हवेत, आणि खाली उतरत्या करंटचा आलेख.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा शिक्षिका