मॅडम, तुम्ही मला विचारलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र दवाखान्यात आणून देता आलं असतं. पण आमच्या पेठेत घरटी एक तरी गडी असा निघेल, ज्याच्या घोरण्यावर सगळे हसतात. त्यांच्या घरच्यांनीही वाचावं, म्हणून चारचौघांत लिहितेय.

आमचे मालक एकेकाळी तालमीतले, खासबागेच्या मातीत कुस्त्या केलेले. पुढे जोर-बैठका सुटल्या, खुराक मात्र तसाच राहिला. मान आधीच जाड, वर पोट सुटलं. घोरणं शेजाऱ्यांपर्यंत जायचं आणि जो तो म्हणायचा, "पैलवान गडी, घोरणारच की!" बीपीची एक गोळी होती, तिच्या तीन झाल्या तरी आकडा खाली येईना. रात्री सारखं लघवीला उठणं, सकाळी डोकं जड, दुपारी ताटावर बसल्या बसल्या पेंग. साखर तपासली, ती ठीक. जिथे जावं तिथे एकच ऐकायला मिळायचं, वजन कमी करा.

तुम्ही त्यांच्याआधी मला विचारलंत. "ताई, घोरता घोरता हे मध्येच एकदम शांत होतात का?"

माझ्या अंगावर काटा आला. ती शांतता मी वर्षानुवर्षं अंधारात ऐकत होते. छाती वरखाली होतेय, पण श्वासाचा आवाज नाही. मी हात लावून बघायची. मग अचानक घशातून मोठा आवाज, सगळं अंग हिसकायचं, आणि पुन्हा घोरणं सुरू. त्यांना सकाळी यातलं काहीच आठवायचं नाही. झोपलेल्या माणसाला विचारून हे कसं कळणार? आणि शेजारी जागं असलेल्या माणसाला तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

मग तुम्ही शिंप्यासारखी टेप काढून त्यांची मान मोजलीत. 40 सेंटिमीटरच्या पुढे गेली की शंका घ्यायची, म्हणालात. कागदावर घशाचं चित्र काढलंत. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, आणि मानेत, जिभेत चरबी साठली असेल तर मुळात अरुंद झालेली वाट मिटते. ऑक्सिजन उतरतो, मेंदू झोपमोड करून श्वास सुरू करतो, आणि दर वेळी बीपी उसळतं. रात्रीची लघवीसुद्धा त्यातलीच. घरीच एका रात्रीत तपासणी झाली, बोटाला चिमटा आणि छातीला पट्टा लावून. तासाला 5 पेक्षा कमी वेळा श्वास अडला तर ठीक, 30 किंवा वर गेला तर हा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, गंभीर. यांचा आकडा 30 च्या बराच पुढे निघाला.

मॅडम, वजनाबद्दल तुम्ही जे बोललात त्यासाठी तुमचे विशेष आभार. तुम्ही त्यांना खादाड ठरवलं नाहीत. झोप अपुरी पडली की भूक वाढवणारं हार्मोन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं घटतं, आणि दमलेलं शरीर गोड-तेलकट मागतं, हे समजावलंत. वजनाने झोप बिघडते आणि बिघडलेली झोप वजन वाढवते. रात्रभर श्वासासाठी झगडलेल्या माणसाला पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारा म्हटलं, तर तो कुठल्या बळावर उठेल? झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन देताना हेही स्पष्ट सांगितलंत, की याने वजन उतरणार नाही, ते तुम्हालाच उतरवायचंय, हे फक्त अंगात तरतरी आणेल.

पहिल्या रात्री त्यांनी मास्क ओढून काढला. तुमच्याकडच्या त्या तंत्रज्ञ मुलीने फोन करून सांगितलं, "काका, संध्याकाळी टीव्ही बघताना लावून बसा, सवय होईल." पट्टे कसे सैल करायचे, पाणी कुठलं भरायचं, तिने किती धीराने शिकवलं! तिलाही माझे आशीर्वाद सांगा.

आता ते पहाटे आपणहून उठतात. पांढऱ्या रश्शाची वाटी एकावर आलीय. बीपीची एक गोळी तुम्हीच कमी केलीत. वजन दहा टक्के उतरलं तरी श्वास अडणं साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतं, हे तुमचं वाक्य त्यांना तोंडपाठ आहे. तालमीत भेटेल त्याला ऐकवतात.

त्यांचे एक जुने जोडीदार ट्रक चालवतात, आणि हल्ली स्टिअरिंगवर डोळे मिटतात म्हणे. गुरुवारी त्यांना घेऊन येतोय. वहिनींनाही बरोबर आणतेय.

आपली,
शिवाजी पेठेतली एक ताई